लॉफलिन: नदीकडे तोंड करून बसलेले गाव

फिनिक्सला राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात दोन-तीन दिवस आम्ही लॉफलिन या कॅसिनोंच्या छोट्या गावाला जातो. ओळखीच्या मराठी मंडळींना हे सांगितले की हमखास विचारतात, लास व्हेगास सोडून तिथे कशाला? गेल्या जानेवारीत साताऱ्याहून आलेले आई-बाबाही बरोबर होते. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आणि दिवाळीच्या पाडव्यालाही पत्त्यांना हात न लावणाऱ्या माझ्या वडिलांनी त्या गावात एक दिवस जास्त राहू या म्हटले, तेव्हा या गावाविषयी एकदा सविस्तर लिहायला हवे असे मनाने घेतले.

लॉफलिन हे नेवाडा राज्याच्या दक्षिण टोकाला, कोलोरॅडो नदीच्या पश्चिम काठावर वसलेले जेमतेम आठ-नऊ हजार वस्तीचे गाव आहे. समोरच्या काठावर ॲरिझोनातले बुलहेड सिटी आहे आणि राज्यांची सीमा नदीतूनच जाते. लास व्हेगासहून दक्षिणेला सुमारे दीड तास गाडी चालवली, की शेवटी रस्ता उघड्याबोडक्या डोंगरांतून वळणे घेत खाली उतरू लागतो आणि इतका वेळ माती आणि खडक यांखेरीज काहीही न दिसलेल्या डोळ्यांना तळाशी अचानक हिरवट निळी नदी आणि तिच्या काठाने उभी असलेली आठ-दहा उंच हॉटेले दिसतात. गावाचा कॅसिनोंचा भाग एवढाच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघालेला माणूस रमतगमत गेला तरी सकाळभरात जाऊन परत येतो.

या गावाला एका माणसाचे नाव आहे आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय गावाचा स्वभाव कळणार नाही. डॉन लॉफलिन हे मिनेसोटातल्या ओवाटोनाचे. शाळकरी वयातच त्यांनी टपालाने स्लॉट मशीन, म्हणजे पैसे टाकून खेळायची जुगाराची यंत्रे, मागवून आसपासच्या ठिकाणी लावली होती आणि मुख्याध्यापकांनी मशीन किंवा शाळा यांतले एक निवडायला सांगितले तेव्हा त्यांनी शाळा सोडली. (हा भाग ऐकताना बाबांचा चेहरा गंभीर झाला होता.) पुढे ते लास व्हेगासला आले, तिथला आपला छोटा कॅसिनो 1964 मध्ये विकला आणि नदीकाठी बंद पडलेले आठ खोल्यांचे एक मोटेल घेतले. चार खोल्यांत कुटुंब राहायचे, उरलेल्या चार भाड्याने दिल्या जायच्या. दोन टेबले, बारा स्लॉट मशीन आणि 98 सेंटांत पोटभर चिकनचे जेवण एवढ्या भांडवलावर रिव्हरसाइड हे त्यांचे कॅसिनो-हॉटेल सुरू झाले. टपाल कार्यालय मागायला गेल्यावर वस्तीला नाव हवे म्हणून टपाल खात्याच्या निरीक्षकानेच लॉफलिन हे नाव लावले, असे सांगतात. सुरुवातीच्या काळात ॲरिझोनातले लोक गाड्या आपल्याच काठावर उभ्या करून होडीने पलीकडे येत. 1987 मध्ये डॉन यांनी स्वतःच्या पैशाने नदीवर पूल बांधून दिला. 2023 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत ते रिव्हरसाइडच्याच वरच्या मजल्यावर राहत होते.

98 सेंटांच्या त्या जेवणात या गावाचे सारे धोरण होते असे मला वाटते. लॉफलिन पहिल्यापासून कमी पैशांच्या पाहुण्यासाठी उभे राहिले. निवृत्तिवेतनावर जगणारी जोडपी, थंडीतले तीन-चार महिने उत्तरेकडून आपली चाकांवरची घरे घेऊन येणारे वृद्ध, आसपासच्या गावांतले कामगार हे इथले नेहमीचे गिऱ्हाईक. आम्हाला आठवड्याच्या मधल्या वारी नदीकडची खोली इतक्या कमी दरात मिळाली, की बाबांनी तो दर माणशी आहे का, असे मला दोनदा विचारले. गाडी उभी करायला पैसे लागले नाहीत. रिव्हरसाइडमध्ये जुन्या मोटारींचा संग्रह आहे, तो फुकट पाहायला मिळतो. तिथे बोलिंगचे दालन आणि चित्रपटगृहही आहे, त्यामुळे खेळात रस नसलेला माणूस कुठेतरी कोपऱ्यात ताटकळत बसत नाही.

आता खेळाविषयी, कारण स्वस्त या शब्दाचा खरा अर्थ तिथेच कळतो आणि तो समजून न घेता गेलेला माणूस स्वस्त गावातही फसतो. ब्लॅकजॅक हा पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाता त्याच्या जवळ नेण्याचा खेळ. त्याच्या टेबलावर दोन गोष्टी पाहायच्या असतात: कमीत कमी किती पैसे लावावे लागतात आणि ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, तर देणे तीनास दोन आहे की सहास पाच. दहा डॉलर लावले असता पहिल्या प्रकारात पंधरा डॉलर मिळतात, दुसऱ्यात बारा. हा वरवर लहान दिसणारा फरक कॅसिनोचा हिस्सा जवळजवळ दीड टक्क्याने वाढवतो. पाच डॉलरच्या, तीनास दोन देणाऱ्या टेबलावर नियमांनुसार काळजीपूर्वक खेळणारा माणूस तासाला साठ डाव खेळला, तर सरासरीने त्याचे दोनेक डॉलर जातात. पंधरा डॉलरच्या, सहास पाच देणाऱ्या टेबलावर तेच साठ डाव अठरा डॉलरांच्या घरात जातात. प्रत्यक्षात एखाद्या संध्याकाळी याहून कितीतरी जास्त जाईल किंवा येईल. पण दीर्घकाळात हिशेब याच बाजूला झुकतो. लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर पाच डॉलरचे टेबल शोधावे लागते, लॉफलिनमध्ये ते दिवसाढवळ्या सहज सापडते, म्हणून मर्यादित पैशांत निवांत दोन तास बसता येते.

याउलट एका सेंटची स्लॉट मशीन नावापुरतीच एका सेंटची असतात. एकाच वेळी अनेक ओळींवर पैसे लागत असल्यामुळे एका फेरीला पन्नास सेंट किंवा त्याहूनही अधिक सहज जातात आणि मोठ्या किमतीच्या मशीनपेक्षा ही मशीन टक्केवारीने जास्त पैसा ठेवून घेतात. आईला मी वीस डॉलरची नोट देऊन अशा मशीनसमोर बसवले तेव्हा हे आधी सांगायला हवे होते. ती नोट दहा मिनिटांत संपली. आई म्हणाली, "अगं, एवढ्यात महिन्याभराची फुलपुडी आली असती." तिने पुन्हा मशीनकडे पाहिले नाही आणि मीही तिला आग्रह केला नाही. मी स्वतः व्हिडिओ पोकर, म्हणजे मशीनवरचा पाच पत्त्यांचा खेळ, खेळते आणि त्यात फुल हाउसला (एका किमतीचे तीन आणि दुसऱ्या किमतीचे दोन पत्ते) लावलेल्या पैशांच्या नऊपट आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच प्रकारचे, जसे सगळे बदाम) सहापट देणारे मशीन शोधते, कारण अचूक खेळल्यास ते शंभरातले साडेनव्याण्णव परत देते. चाळीस डॉलर वेगळ्या पाकिटात काढून ठेवायचे आणि ते संपले की उठायचे, हा माझा नेम आहे.

पण बाबांना तिथे थांबावेसे वाटले ते नदीमुळे. कॅसिनो म्हटला की खिडकी नसलेले, रात्र की दिवस हे कळू न देणारे दालन डोळ्यांपुढे येते. लॉफलिनमध्ये मात्र दाराबाहेर पाऊल टाकले की नदीकाठची पायवाट लागते. गाव पश्चिम काठावर असल्यामुळे सूर्य समोरच्या ॲरिझोनातल्या काळ्या डोंगरांमागून उगवतो आणि त्याचा पहिला उजेड पाण्यावरून सरळ आपल्याकडे येतो. वरच्या अंगाला डेव्हिस धरण आहे, ते 1951 साली पूर्ण झाले. धरणामागच्या मोहावे जलाशयाच्या खोल भागातले पाणी खाली सोडले जात असल्यामुळे नदी इथे नितळ आणि ऐन उन्हाळ्यातही गार असते. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की पातळी चढते, थांबले की उतरते. बाबांनी काठावरच्या एका दगडावरची ओलाव्याची रेघ हेरून ठेवली होती आणि दिवसातून तीनदा जाऊन ते पाणी किती चढले हे पाहून येत. आईला वाईच्या घाटाची आठवण झाली. घाट नाही, देऊळ नाही, पण सकाळी उठून नदीवर जायचे हा क्रम तिला परक्या देशात पहिल्यांदाच मिळाला होता.

समोरच्या काठाचे घड्याळही वेगळे आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे बदलत नाही, त्यामुळे हिवाळ्यात पुलापलीकडे एक तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते. कॅसिनोत काम करणारे कितीतरी लोक बुलहेड सिटीत राहतात आणि रोज हा तास ओलांडून कामावर येतात. 2024 पासून दुसरा पूलही झाल्यामुळे त्यांची जुन्या पुलावरची गर्दी काहीशी कमी झाली आहे. हे लोक सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह जेवायलाही कॅसिनोतच येतात. याउलट पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींवर प्रवेशासाठीच मोठी रक्कम मोजावी लागते आणि 2020 पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई आहे. तिथल्या सामाजिक प्रश्नांमुळे तो निर्णय झाला आणि तो मला पटतो. पण त्यामुळे तिथला कॅसिनो बाहेरून आलेल्यांचाच राहतो. लॉफलिनमध्ये शेजारच्या टेबलावर नातवाचा वाढदिवस साजरा होत असतो.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. आत सिगारेटचा वास असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी याचा विचार करूनच जावे. उन्हाळ्यात जाऊच नये: नेवाडातले आजवरचे सर्वाधिक तापमान, जवळजवळ 52 अंश सेल्सिअस, 1994 च्या जूनमध्ये इथेच नोंदले गेले. शाकाहारी माणसाची भिस्त भाजलेले बटाटे, अंडी आणि सॅलडवर असते. कॅलिफोर्नियात मूलनिवासी जमातींचे कॅसिनो वाढले तसे इथे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना घराजवळच खेळायला मिळू लागले. जुन्या वाफेच्या बोटीच्या आकाराचे कोलोरॅडो बेल हे हॉटेल 2020 मध्ये बंद झाले आणि मग उघडलेच नाही. पहिल्या वर्षी मी तिथेच उतरले होते. आता नदीकाठाने चालताना त्याच्या अंधाऱ्या खिडक्यांखालून जावे लागते आणि दर वेळी मन खट्टू होते.

शेवटच्या दिवशी आम्ही धरणाच्या पश्चिमेला असलेल्या ग्रेपव्हाइन कॅन्यनला गेलो. तिथल्या प्रचंड शिळांवर मूलनिवासींनी कोरलेल्या शेकडो आकृत्या आहेत. जवळचा डोंगर त्या जमातींना पवित्र आहे आणि 2023 मध्ये हा सारा परिसर आवी क्वा आमे या नावाने राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. बाबा एका शिळेसमोर वहाणा काढून उभे राहिले. कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी आणखी एक दिवस राहण्याविषयी विचारले, मी स्वागतकक्षात जाऊन खोली वाढवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा आपल्या दगडावरची रेघ पाहायला गेले. पाणी चार बोटे वर आले होते.