डिओ जमला, पण तिसऱ्या खेपेला

आजचा अख्खा रविवार घरचा डिओ बनवण्यात गेला. पहिल्या खेपेला खोबरेल जास्त पडलं. ते २४-२५ अंशांनाच पातळ होतं, हे नागपुरात मे महिन्यात राहून विसरणारी मी एकटीच असेन. डबी उघडली तर आत सरळ तेल आणि तळाशी आरारूटचा गाळ.

मग मधमाशांचं मेण वाढवलं. ते वितळायला ६२-६४ अंश लागतात, म्हणून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवली. पण घातलं भसाभस आणि झाली मेणबत्ती! काखेत फिरवली तर कातडी ओढली जात होती.

तिसऱ्यांदा कोकणातून आणलेला कोकमतेलाचा गोळा आठवला, टाचांच्या भेगांना लावतो तोच. किसून घातला. खोबरेल ३ चमचे, मेण १, कोकमतेल १, आरारूट ३. दाटसर होईपर्यंत ढवळत राहिले, नाहीतर पूड खाली बसते. खायचा सोडा फक्त चिमूटभर. मागच्या वर्षी चमचाभर घातला आणि काखेत लाल चट्टे उठले. त्वचा किंचित आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी, दुसरं काय होणार! (आणि हो, याने घाम थांबत नाही, वास तेवढा कमी येतो.)

आई दारातून बघत होती. म्हणाली, "एवढा पसारा घालण्यापेक्षा आंघोळीनंतर तुरटीचा खडा फिरव की."

सध्या वाटी घासतेय. मेण काही केल्या निघत नाहीये.