कोणत्या उत्तरावरून?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबसाठी साहाय्यकाच्या जागेच्या मुलाखती झाल्या आणि निवड समितीत मी होते. टोरांटोजवळच्या या कॉलेजात मला पाच वर्षं झाली, पण टेबलाच्या या बाजूला बसायची इथली ही पहिलीच वेळ. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

चार उमेदवार होते. तिसरी मुलगी बोलताना अडखळायची. शब्दाच्या सुरुवातीलाच अडायची, डोळे मिटायची, मग शब्द सुटायचा. प्रश्न लेखी मिळावेत असं तिने आधीच कळवलं होतं, म्हणून चौघांनाही प्रश्नांचा कागद पंधरा मिनिटं आधी दिला होता. एकीने मागितलं आणि सगळ्यांना मिळालं, हे मला तेव्हाच फार आवडलं. तरीसुद्धा गुण लिहायची वेळ आली तेव्हा 'तोंडी संवाद' या रकान्यात मी तिला पाचपैकी दोन दिले.

आमच्या समितीच्या अध्यक्ष साठीच्या आहेत. त्यांनी माझा तक्ता बघितला आणि शांतपणे विचारलं, "कोणत्या उत्तरावरून?"

मी म्हटलं, एकूणच. त्या म्हणाल्या, एकूणच असं लिहिता येणार नाही, उत्तर दाखवा. मग त्यांनी जाहिरातीतली ओळ वाचली: विद्यार्थ्यांना प्रयोगाची कृती समजावून सांगता आली पाहिजे. "तिला समजावून सांगता आली का?"

मी माझीच टिपणं उलटून बघितली. विद्यार्थी आम्लात पाणी ओतायला निघाला तर काय कराल, असा प्रश्न होता. उरलेल्या तिघांनी कारण छान सांगितलं: खूप उष्णता निर्माण होते, आम्ल उसळतं, म्हणून नेहमी आम्ल पाण्यात घालायचं. हिने आधी सांगितलं की मी त्याचा हात थांबवीन, बाटली बाजूला ठेवीन, डोळ्यांवर गॉगल आहे का बघीन, आणि मग कारण सांगीन. माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं आणि खाली मीच दोन गुण दिले होते. मी दोन खोडून पाच केले. खोडलं तिथे सही करावी लागते, तीही केली.

ही पद्धत मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण मला ती मनापासून पटली आहे. अर्ज उघडण्याआधी कशाला किती गुण ते ठरवून समितीतल्या सगळ्यांनी सह्या करायच्या. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गुण आधी ज्याने त्याने आपापले लिहायचे, चर्चा त्यानंतर, म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाच्या मताकडे बघून कोणी आपले गुण बदलत नाही. प्रत्येक गुणापुढे उमेदवार काय बोलला ते लिहायचं. 'आपल्या टीममध्ये बसेल असं वाटत नाही' हा शेरा चालतच नाही. कोणी तक्रार केली तर हेच कागद काढून बघितले जातात. इक्विटी, डायव्हर्सिटी, इन्क्लूजन (न्याय्य संधी, विविधता, सर्वांना सामावून घेणं) हे शब्द इथे भिंतीभिंतींवर लावलेत. पाच वर्षं मी ते वाचत होते, पण त्यांचा अर्थ मला त्या खोडाखोडीपाशी कळला.

आणि कळला तो पुण्याजवळच्या पिरंगुटमुळे.

२०१३ साली मी पिरंगुटच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये होते. केमिस्टच्या दोन जागांसाठी एकाच दिवशी एकोणतीस मुलं आली होती. पॅनेलवर साहेब, एचआरचे एक जण आणि मी. त्यात कळंबचा एक मुलगा होता. रात्रीच्या एसटीने आलेला, शर्टाच्या नव्या घड्या तशाच दिसत होत्या. साहेबांनी इंग्रजीत विचारलं की टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून करायची मोजणी, कशी करतोस. तो दोन वाक्यं इंग्रजीत बोलला आणि थांबला. मग मराठीत सुरू झाला, आणि बोलता बोलता त्याचे हात आपोआप उठले. डाव्या हाताची बोटं ब्युरेटच्या तोटीवर, उजवा हात फ्लास्क गोल फिरवतोय. समोर ना ब्युरेट होतं ना फ्लास्क. शेवटी शेवटी त्याने डाव्या हाताची बोटं इतकी हळू वळवली की एकेक थेंब पडताना मला दिसला. हे पाठ करून येत नाही, ते हाताने केलेलं असावं लागतं.

तो बाहेर गेल्यावर साहेबांनी शेरा लिहिला, 'कम्युनिकेशन पुअर'. कागद माझ्याकडे सरकवला आणि मी सही केली. आमच्या लॅबमध्ये आम्ही दिवसभर मराठीतच बोलायचो.

त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. गाव आठवतं, कारण आम्ही पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

मी तेव्हा तीन वर्षांची नोकरदार, साहेबांपुढे काय बोलणार, असं मी स्वतःला सांगत आले आहे, आणि ते काही खोटं नाही. कोणाची जात मी आयुष्यात विचारलेली नाही, हेही खरं आहे. पण गाव कुठलं, माध्यम कोणतं, वडील काय करतात, एवढं विचारल्यावर निराळी जात विचारायची गरज उरत नाही, हे मला पुण्यात कधी सुचलं नाही. सुचलं असतं तर निदान सही करताना हात थांबला असता.

आता कोणी म्हणेल, परदेशात गेली आणि तिकडचं कौतुक सुरू झालं. तर दोन वर्षांपूर्वीचं सांगते. आमच्या कॉलेजात याच विषयाचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर जातीचं पान आलं: जातीवरून होणारा भेदभावही कायद्याने चालणार नाही, असं आमच्या ओंटारियो प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं, त्याबद्दल. सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे, म्हणजे आम्हा तिघा भारतीयांकडे वळल्या आणि मला भयंकर राग आला. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्या पुण्याची मी. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. कॅनडाचा एम्प्लॉयमेंट इक्विटीचा, म्हणजे नोकरीतल्या समान संधीचा कायदा १९८६ चा, म्हणजे तब्बल ८४ वर्षांनंतरचा. यातलं बरंचसं मी उभी राहून बोलले, आवाज चढला असावा. लोकांनी आदराने ऐकून घेतलं. एकीने विचारलं, मग आता तिकडे कसं आहे? मी म्हटलं, बरंच सुधारलंय, आणि खाली बसले.

त्या खोलीतल्या दुसऱ्या भारतीय सहकाऱ्याने माझ्या पहिल्याच वर्षी जेवणाच्या टेबलावर माझं पूर्ण नाव विचारलं होतं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मग गाव विचारलं. त्यावरूनही कळेना, तेव्हा घरी नॉनव्हेज चालतं का, असं विचारलं. मी हसून उत्तर दिलं होतं. तेव्हा ते पान उगाच लावलं, असंही मला म्हणता येत नाही.

इथलं सगळं गोड आहे असंही कोणी समजू नये. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मला 'कॅनडाचा अनुभव नाही' एवढ्याच कारणावरून नकार येत होते. पुण्यातली सात वर्षांची नोकरी जमेत धरायला कोणी तयार नव्हतं. अशी सरसकट अट हा भेदभाव आहे, असं त्याच आयोगाने २०१३ मध्येच सांगितलेलं होतं, आणि जाहिरातीत ती अट घालायला बंदी आली १ जानेवारी २०२६ पासून. कॉलेजात लागल्यावर एक फॉर्म आला: महिला, आदिवासी मूळनिवासी, अपंग व्यक्ती, 'दृश्य अल्पसंख्याक' (म्हणजे आमच्यासारखे गोरे नसलेले), यांपैकी कोणत्या गटात मोडता? पुण्यात जन्म काढला, अल्पसंख्याक असणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. त्या चौकोनात खूण करताना हात जड झाला होता. पण ते दोन वर्षांचे नकार आठवले आणि खूण केली.

आपल्याकडे कायदे नाहीत असं थोडंच आहे? लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, दहा माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१२ मध्येच कॉलेजांना भेदभावाच्या तक्रारी घेणारा अधिकारी नेमायला सांगितलं. माझी पुतणी पुण्यातल्या एका कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजात 'समान संधी केंद्र' अशी पाटी आहे, पण आत कोण बसतं हे तिला दोन वर्षांत कळलेलं नाही. आणि पिरंगुटच्या त्या खोलीपर्यंत आरक्षणही पोचत नाही, कारण ते सरकारी नोकरीत आहे, खाजगीत नाही. तिथे फक्त आम्ही तिघं होतो आणि साहेबांचं पेन.

हे सगळं रविवारी दादाला फोनवर सांगितलं. दादा चाकणच्या एका कंपनीत माणसं घ्यायचं काम बघतो. आधी म्हणाला, "अगं, दिवसाला वीस-वीस इंटरव्ह्यू असतात, एवढं कोण लिहीत बसणार?" मी म्हटलं, एकेक ओळ तर लिहायची. मग तो म्हणाला, "आणि एखाद्याने मराठीत बरोबर उत्तर दिलं तर?"

"तुमच्याकडे लाइनवर काम कोणत्या भाषेत चालतं?"

"मराठीत. थोडं हिंदीत."

"मग पूर्ण गुण."

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला की मंगळवारी बारा जण येणार आहेत, त्याच्या आत तो तक्ता मराठीत करून पाठव. त्याने त्यांचा सध्याचा फॉर्मही मला पाठवला. रात्री बसून नवा तक्ता केला. त्यांच्या फॉर्मवर नावाखाली 'मूळ गाव' आणि शेवटी 'एकूण प्रभाव' असे दोन रकाने होते, ते काढून टाकलेत.