तुम्ही विचारलंत म्हणून: हॉकीवाले आठ महिन्यांत खेळतात, मग आमच्या मुलाला का थांबवता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली एकोणीस वर्षे फिजिओथेरपीचे काम करते आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा आहे : "मॅडम, टीव्हीवरचे हॉकीवाले टोंगळ्याचं ऑपरेशन करून आठ महिन्यांत मैदानात येतेत, मंग आमच्या पोट्ट्याले तुमी सालभर काऊन बसवून ठेवता?" विचारणारा बहुधा कास्तकार बाप असतो. मुलगा तालुक्याच्या संघातून खेळत असतो, पोलीस भरती तोंडावर आलेली असते आणि सोळाशे मीटर धावायचे असते. त्या बापाची घाई मला समजते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहिते आहे.

उदाहरण म्हणून सगळे जण पी. आर. श्रीजेशचेच नाव घेतात, आणि ते चुकीचेही नाही. 2017 च्या अझलन शाह चषक स्पर्धेत मलेशियातल्या इपोह येथे भारताच्या या गोलरक्षकाच्या गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी, फाटले. ती स्पर्धा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यात संपली, आणि श्रीजेश पुन्हा मैदानावर दिसला तो जानेवारी 2018 मध्ये, न्यूझीलंडमध्ये. मधल्या काळात ढाक्याचा आशिया चषक त्याच्याशिवाय झाला. भुवनेश्वरच्या जागतिक लीगच्या अंतिम स्पर्धेत, उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध शूटआउटमध्ये गोल राखला तो आपल्या यवतमाळच्या आकाश चिकटेने. आमच्या भागात तो सामना अजून निघतो आणि त्यामुळेच श्रीजेशचा गुडघाही लोकांच्या लक्षात राहिला आहे. पुढे टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये श्रीजेशने कांस्यपदक जिंकले. तेव्हा लिगामेंट फाटले म्हणजे खेळ संपला, असे मी कुणालाही सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच असते की त्या साडेआठ महिन्यांचा एकेक दिवस कशात गेला, हेही पाहिले पाहिजे.

आपण सरसकट "लिगामेंट गेलं" म्हणतो, पण गुडघ्यात मुख्य लिगामेंट चार असतात आणि प्रत्येकाची रीत वेगळी असते. आतल्या बाजूचे एमसीएल सांध्याच्या बाहेर असते, त्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि पट्टा व व्यायामावर ते पुष्कळदा शस्त्रक्रियेविना सांधते. बर्फावरच्या हॉकीत गुडघ्याची सर्वाधिक दुखापत याच लिगामेंटची होते, कारण बाहेरून धडक बसली की गुडघा आत दुमडतो. मागच्या बाजूचे पीसीएलही बऱ्याचदा बिनऑपरेशनचे निभावते. कॅनडातल्या एडमंटन संघाचा बर्फावरच्या हॉकीतला खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड एप्रिल 2019 मध्ये पीसीएल फाटूनही शस्त्रक्रियेविना, केवळ व्यायामावर, ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्यात खेळला. एक शिक्षक मला त्याचाच व्हिडिओ दाखवून म्हणाले होते की मग आमच्या भाच्याला चिरफाड कशाला? भाच्याचे फाटले होते एसीएल, म्हणजे पुढच्या बाजूचे लिगामेंट. एसीएल सांध्याच्या पोटात असते, त्याभोवतीच्या पाण्यात रक्ताची गाठ टिकत नाही आणि म्हणून त्याची फाटलेली टोके आपसूक जुळणे अवघड असते. साधे चालण्या-बसण्याचे काम असणारा माणूस स्नायू बळकट करून त्याविना जगू शकतो, पण वळणे आणि झटक्यात थांबणे हाच ज्याचा खेळ आहे, त्याला बहुधा नवे लिगामेंट बसवावे लागते.

हॉकीत खेळाडू कमरेतून वाकून, गुडघे दुमडून, स्टिकला चेंडू चिकटवून धावतो आणि अचानक दिशा बदलतो. पाय जमिनीत रुतलेला असताना धड फिरले की एसीएल तुटते, आणि अशा दुखापतींपैकी बहुतेकींत समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. माझे स्वतःचे असेच तुटले. 1996 च्या हिवाळ्यात, मुरमाच्या मैदानावर, महाविद्यालयाच्या संघातून खेळताना मी डावीकडे वळले आणि गुडघ्यातून वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. इतक्या लवकर सूज येते याचा अर्थ सांध्यात रक्त उतरले आहे, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हते. संध्याकाळी मोहाचे तेल कोमट करून तो गुडघा खसाखसा चोळण्यात आला, वरून ओढण्यात आला, आणि तीन आठवड्यांनी सूज उतरल्यावर आमच्या प्रशिक्षकांनी मला पुन्हा उतरवले. पहिल्याच वळणाला गुडघा निसटला आणि या वेळी सांध्यातली गादीही फाटली. माझा खेळ पहिल्या दुखापतीने संपला नव्हता, तो त्या तीन आठवड्यांनी संपवला. आजही पायऱ्या उतरताना मला कठड्याला हात लागतो. म्हणून कुणाचा गुडघा आवाज होऊन लगेच सुजला असेल, तर त्याला तेल लावू नका, ओढू नका. थंड पाण्याचा दुपट्टा बांधा, पाय उशीवर ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

आता त्या सालभराविषयी. शस्त्रक्रियेत बहुधा मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची दोरी (स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा) काढून ती लिगामेंटच्या जागी हाडात बसवतात. ही दोरी नव्या जागी आली तेव्हा तिचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि नवा अजून धरलेला नसतो. म्हणून ती आधी मऊ पडते, मग हळूहळू लिगामेंटचे रूप घेते, आणि या बदलाला वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ लागतो. मिरचीचे रोप लावले की ते आधी मान टाकते आणि मुळे धरल्यावरच उभे राहते, असे मी सांगते तेव्हा कास्तकाराला ते लगेच पटते. फरक एवढाच की रोपाची मान दिसते आणि गुडघ्याची दिसत नाही. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही दोरी सर्वांत कमजोर असते, आणि नेमके त्याच आठवड्यांत दुखणे थांबलेले असते, कुबडी सुटलेली असते आणि मुलगा घरभर हिंडत असतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात एसीएल तुटलेल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाची शस्त्रक्रिया या जानेवारीत झाली. दहाव्या आठवड्यात तो माझ्याकडे आला तेव्हा गुडघा गरम होता आणि वाटीभोवती पाणी भरले होते. खोदून विचारल्यावर कळले की वावरात हरभरा काढणे चालू होते, मजूर मिळत नव्हते आणि त्याने अकरा पोती धुऱ्यावरून बंडीपर्यंत नेली होती. मी नडगी पुढे ओढून तपासणी केली आणि दोरी जागेवर घट्ट लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या वडिलांना मी रागावले नाही. सुगी घरात आणायची होती आणि मुलगा धडधाकट दिसत होता.

महिने मोजण्यामागे आधार आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितक्या महिन्यांनी लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटले. नऊ महिन्यांनंतर थांबण्याचा तसा वाढीव फायदा दिसला नाही. मात्र नुसती तारीख उलटून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरायला हवी, एका पायावरच्या उडीचे अंतरही तेवढेच यायला हवे, आणि वळताना मनात धास्ती उरता कामा नये. ही धास्ती मी हलकी मानत नाही, कारण जो खेळाडू पाय टाकताना विचार करतो, तो चुकीचा पाय टाकतो.

व्यावसायिक खेळाडूजवळ जे असते आणि आमच्या मुलाजवळ नसते, ते म्हणजे रोज सकाळी त्याच्या गुडघ्याकडे पाहणारे कुणीतरी. त्याचे काम बरे होणे हेच असते. आमच्या मुलाला मात्र एसटीच्या उंच पायरीवर चढून माझ्याकडे यायचे असते आणि परतताना जनावरांचे पाणी पाहायचे असते. यंत्रांची उणीव मला फारशी वाटत नाही. टाचेखाली गुंडाळलेला दुपट्टा ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणे, मांडी आवळून दहापर्यंत मोजणे, मातीने मोजून भरलेली पिशवी पायाला बांधणे, शाळेच्या पायरीवर एका पायाने सावकाश चढणे-उतरणे, एवढ्यावर मी मुले उभी केली आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर पुढचे सगळे लंगडत चालते, म्हणून त्या दिवसांत मी फोन करकरून विचारते.

हरभऱ्याची पोती उचलणाऱ्या त्या मुलाच्या मांडीचा घेर एप्रिलमध्ये वाटीच्या दहा सेंटिमीटर वर मोजला, तर दुखऱ्या पायाचा साडेतीन सेंटिमीटर कमी भरला. शिंप्याची फीत मी वडिलांच्याच हाती दिली होती. त्यांनी दोनदा मोजले आणि काही बोलले नाहीत, पण पेरणीला त्यांनी मुलाला वावरात नेले नाही, डवऱ्यालाही भावाच्या मुलाला बोलावले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सात महिने भरले, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात खडूची रेघ ओढून उडी मोजली : चांगला पाय 168 सेंटिमीटर, दुखरा 139. म्हणजे शंभरात त्र्याऐंशी. कापसाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी ते दोन्ही आकडे लिहून घेतले आणि मला विचारले, "मॅडम, नव्वद व्हाले किती पाह्यजे?" मी म्हटले, एकशे बावन्न. तेही त्यांनी खाली लिहिले. पुढची मोजणी पोळ्याची कर झाल्यावर आहे.