शेवटच्या तासाचे मजूर

रविवार, रात्र

उपासना सुटल्यावर आत्या चहाला थांबली नाही. पाळकसाहेबांना सलाम केला आणि तडक रिक्षात जाऊन बसली. मला कारण ठाऊक होतं. आजचा शास्त्रपाठ बायबलातला मत्तय 20, येशूने सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट. आणि धाकटे काका जाऊन जेमतेम महिना झालेला.

काकांनी जन्मभर दारू आणि उधारी एवढंच केलं. चर्चची पायरी फक्त लग्नकार्यापुरती. शेवटच्या आजारपणात पाळकसाहेबांना बोलावून घेतलं, खूप रडले, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस) घेतलं आणि आठवड्याभरात गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेब ठामपणे म्हणाले, आपला हा भाऊ आज प्रभूजवळ आहे. आत्या तेव्हा गप्प होती. ती संडे स्कूलची शिक्षिका, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं, कधी न चुकवलेली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड घरी नेऊन नीळ घालून धुणारी आणि एक सुरकुती राहिली तर पुन्हा पाणी मारून इस्त्री फिरवणारी. आज रिक्षात बसता बसता म्हणाली, "त्यालाही तेवढंच, मलाही तेवढंच. मग मी काय येडी होते?"

पहाटे लागलेल्या मजुरांचीही हीच कुरकुर. ते एका दीनारावर, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर, कबूल होऊन मळ्यात गेले. मालक दिवसभर बाजारात फेऱ्या मारत राहिला, अगदी दिवस मावळायला तास उरलेला असतानाही काहींना घेऊन आला. आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार! पण मला जास्त खटकतो तो वाटपाचा क्रम. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर ते खुशीत घरी गेले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणजे त्यांनी हे बघावं असंच मालकाच्या मनात होतं. येशूने ही गोष्ट झोंबावी म्हणूनच सांगितली आहे, आणि आपण ती गोड करून सांगतो.

शिवाय तासाभरासाठी आलेले ते लोक आळशी नव्हते. मालकाने विचारलं तर म्हणाले, आम्हाला कुणी कामच दिलं नाही. मजूर अड्ड्यावर दहा वाजल्यानंतर कोण उरतं ते बघावं. म्हातारे, किरकोळ अंगाचे, एखादा हात अधू असलेला. त्यांच्या घरीही रात्री पूर्ण दिवसाचीच भाकर लागते. (काकांना मात्र काम कुणी दिलं नाही असं काही नव्हतं. त्यांनी ते टिकवलं नाही.)

पाळकसाहेबांनी इफिसकरांस पत्राचा आधार घेतला: तारण (पापातून सुटका) कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा नको. कबूल. पण हे असं सांगितलं जातं की जणू ही सोय काकांसारख्यांसाठी काढून ठेवली आहे. प्रत्यक्षात हे शिकवलं कुणी? फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल, ही पत्रं लिहिणारा, आपली यादी देतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष. आणि मग या सगळ्याला केरकचरा म्हणतो. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर आधी जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठातला कडक संन्यासी. उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, आणि तरी धास्ती जाईना. रोमकरांस पत्रातल्या 'नीतिमान विश्वासाने जगेल' या वचनाशी त्याने झुंज घेतली ती याच धास्तीपोटी. दोघेही पहाटेपासून राबणारे मजूर.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सगळा संसार तीर्थयात्रांत, व्रतांत, दानधर्मात घातला. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. विधवांसाठी शारदा सदन काढलं, समाजाची बोलणी खाल्ली. एवढं सगळं झाल्यावर त्या लिहितात, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला 1891 च्या सुमारास, आपल्याकडून काही भरपाई द्यायची नाही हे पटलं तेव्हा. त्यानंतर त्या हात जोडून बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती ही संस्था उभी केली. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास 2000 बायका-मुली होत्या. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर चालू होतं. मजुरीची चिंता मिटल्यावर माणूस किती राबू शकतं, ते केडगावला बघावं.

याकोबाच्या पत्राचं काय, हे मात्र पाळकसाहेब टाळतात. क्रियांवाचून विश्वास मेलेला, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. ल्यूथरला ते पत्र इतकं अडचणीचं वाटलं की त्याने त्याला गवतकाडीचं म्हटलं. कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी या मुद्द्यावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 ला, ऑग्सबर्गमध्ये. जवळजवळ 500 वर्षं भांडायला पुरलेला विषय आत्याने रिक्षाच्या दारात सोडवावा, ही अपेक्षा जरा जास्तच.

पण मला वाटतं, आत्याचं दुखणं दीनाराचं नाहीच. आजीच्या पाटल्या काकांनी गहाण टाकल्या, त्या सोडवायला आत्याने आपल्या पगारातून हप्ते भरले. काकांनी देवापुढे कबुली दिली, पाळकसाहेबांपुढे दिली. आत्या हॉस्पिटलात रोज डबा घेऊन जात होती. तिला ते एक शब्द बोलले नाहीत. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू गेला आणि तारण आलं त्या दिवशी त्याने उभं राहून सांगितलं, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो. ते तारणाचं मोल नव्हतं, पण ते बोलणं त्याच घरात, सगळ्यांसमोर झालं. काकांच्या बाबतीत तो भाग राहून गेला, आणि दफनाच्या प्रार्थनेत त्याला जागा नव्हती.

उद्या आत्याकडे जाईन. कृपेबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाटल्यांचे एकूण किती हप्ते भरले, ते आजवर घरात कुणीच विचारलेलं नाही.