ब्रेकचा पिस्टन जाम? आधी होज बघा

गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या जुन्या गाडीचं पुढचं एकच चाक चटका बसेल इतकं तापत असेल, तर ते स्टँडवर उचला आणि ब्लीड निपल (ब्रेकमधलं ऑइल-हवा सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष बहुधा आतून फुगलेल्या होजचा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा; कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) उगाच खोलू नका.

तरीही जाम? पॅड काढा, समोर लाकडी ठोकळा धरा, पेडल हळूहळू दाबून पिस्टन बाहेर आणा. कंप्रेसरची हवा नकोच, बोटं चिरडतात.

पिस्टनच्या क्रोमवर नखाला अडणारे गंजाचे खड्डे असतील तर पिस्टन नवाच घ्या. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढतं ते चौकोनी छेदाचं रबरी कडं, म्हणजे सील, आणि खरबरीत पिस्टनवर ते टिकत नाही. सील आणि बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) नवे, ब्रेक ऑइल लावूनच बसवा. डिझेल किंवा साध्या ग्रीसनं रबर फुगतं.