तीन वर्षांचा किल्ला इतका काळाकुट्ट कसा?

प्रतापगड बांधायला घेतला 1656 ला आणि अफजलखान त्याच्या पायथ्याशी आला 1659 च्या नोव्हेंबरात. हिशोब करा, गड तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा, चिऱ्यांवरचे छिन्नीचे घाव ताजे, सांध्यातला चुना अजून पांढरा दिसत असणार. आता आपले पिक्चर आठवा. बुरुजावर शेवाळ, फटीफटीतून गवत, दगड काळाठिक्कर, जणू महाराजांनासुद्धा गड पुरातत्त्व खात्याकडूनच ताब्यात मिळालाय.

हे एकदा डोक्यात शिरलं ना की मग कुठलाच ऐतिहासिक पिक्चर सरळ बघता येत नाही, मी तर घोडबंदर रोडला मल्टिप्लेक्समध्ये बसून लढाई सोडून भिंतीच बघत असते आणि शेजारी बसलेला भाचा वैतागतो. पण कारण उघड आहे. आपण सगळ्यांनी गड बघितलाय तो पडकाच. रविवारी पहाटेची गाडी पकडून सॅक पाठीला लावून जायचं, वर गेलं की जोती आणि टाकी, बाकी काही नाही. रायगडावरचे वाडे 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत जळाले, लाकूडकाम होतं सगळं, ते गेलं आणि दगड राहिला. मग आपल्याला वाटतं शिवकाळ म्हणजे नुसता दगड. रंग, लाकूड, पडदे, बैठका, शेणाने सारवलेली अंगणं हे कुठे दिसतच नाही, कारण आज ते गडावर नाही.

आणि हे फक्त आपलंच नाहीये. हॉलिवूडचा 1938 चा 'रॉबिन हूड' बघा, टेक्निकलरमध्ये आहे, हिरव्यागार चड्ड्या, लाल झगे, झेंडे, सगळं जत्रेसारखं झगझगीत. तिथून पुढे येत येत 2005 चा 'किंगडम ऑफ हेवन' बघितला की सगळं निळसर नाहीतर पिवळट, आणि आताच्या त्यांच्या कुठल्याही मध्ययुगीन पिक्चरमध्ये तर चिखल, ढग आणि न धुतलेले केस. तिकडे मध्ययुग चिखलाचं झालं, मग आपल्याकडेही झालं. (युरोपात सतरावं शतक मध्ययुगात धरत नाहीत, पण आपल्या सातवीच्या पुस्तकात शिवकाळ मध्ययुगातच येतो, म्हणून मीही तसंच धरतेय. कमेंटमध्ये सुरू करू नका.)

बदल नीट बघायचा असेल तर एक सोपी गोष्ट आहे, 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. कोंढाणा. हीच रात्र आपल्या पडद्यावर शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा आलीय. 1923 ला बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड', मूकपट, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून, त्यात शेलारमामा केलेला तरुण पोरगा म्हणजे व्ही. शांताराम. मग त्याच शांतारामांनी 1933 ला प्रभातसाठी बोलका 'सिंहगड' केला. मग 2020 ला 'तान्हाजी', थ्रीडी. आणि 2023 ला 'सुभेदार'. बाबूराव पेंटर नावाप्रमाणे चित्रकार माणूस, त्याआधी मागे रंगवलेले पडदे लावून नाटकासारखं काम चालायचं ते त्यांनी काढून खरे उभे सेट बांधले, कॅमेरासुद्धा कोल्हापुरात स्वतः बनवलेला. म्हणजे 1923 ला लोकांना दाखवायची जादू काय होती, तर हा गड खरा वाटतोय, भिंतीला जाडी आहे. आणि 2020 ला मी थ्रीडी चष्मा लावून बसले तेव्हा ती जाडी परत गेलेली, मागे पुन्हा रंगवलेला पडदाच, फक्त कॉम्प्युटरने रंगवलेला. फिरून भोपळे चौकात!

'तान्हाजी' मला आवडला नाही असं नाही हां, शिट्ट्या मारल्यात मी. दोरावरून चढणारी माणसं अंगावर येतात तेव्हा हात आपोआप खुर्चीला जातो. पण त्यात ती नागिन नावाची अजस्र तोफ आहे आणि सगळी गोष्ट त्या तोफेभोवती फिरते. कोंढाण्याची मूळ गोष्ट काय, मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला बाप म्हणतो आधी लगीन कोंढाण्याचं. एवढं एक वाक्य शंभर वर्षं पुरलंय महाराष्ट्राला. आता त्याला तोफ लागते, कारण बापाचा पेच पडद्यावर दाखवायला वेळ लागतो आणि तोफ लगेच दिसते.

मधला काळ भालजी पेंढारकरांचा. 'छत्रपती शिवाजी' 1952, 'मोहित्यांची मंजुळा' 1963, 'मराठा तितुका मेळवावा' 1964. आमच्या घरी आईची पिढी यावरच वाढलेली, त्यांच्या डोळ्यांपुढे महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे आणि जिजाऊ म्हणजे सुलोचनादीदी, पुढे कितीही नट येऊ देत. (माझ्या भाच्याच्या पिढीचे महाराज सिरियलमधले किंवा चिन्मय मांडलेकर.) भालजींच्या पिक्चरमध्ये लढाया आहेत पण त्या आजच्या मुलांना बघून हसू येईल अशा, पंधरावीस घोडे इकडून तिकडे, धूळ, झालं. सगळी मजा बोलण्यात. माणसं उभी राहून बोलतात, समोरचा पूर्ण ऐकून घेतो, मग तो बोलतो. कॅमेरा हलत नाही. आणि गाणी, त्यात लावणीपण चालते, अंगाईपण. आज ऐतिहासिक पिक्चरमध्ये कुणी पूर्ण वाक्य बोलायला लागलं की मागून ढोल सुरू होतो आणि शेवटचे तीन शब्द ऐकूच येत नाहीत, त्याचं साउंड डिझाइन म्हणून कौतुक होतं ते वेगळंच.

पण माझी खरी तक्रार आवाजाची पण नाही आणि काळ्या दगडाची पण नाही. ती मला कळली 'संत तुकाराम' पुन्हा बघताना.

प्रभातचा, 1936 चा, दामले-फत्तेलालांचा. याला आपण संतपट म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतो, पण तुकोबा आणि शिवाजीमहाराज एकाच काळातले, म्हणजे हा सुद्धा शिवकाळाचाच पिक्चर की. 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात याचा गौरव झाला, सगळे तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांबद्दल बोलतात, भजन म्हणतानाचा तो चेहरा, बरोबरच आहे. पण तुम्ही एकदा गौरीसाठी बघा. गौरी म्हणजे यात जिजाई झालेली नटी, आणि जिजाई म्हणजे तुकोबांची बायको. तिला म्हैस आहे. ती त्या म्हशीचं करते, पोरांचं करते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्याला फाडफाड बोलते, आणि पोरगं आजारी पडल्यावर त्याला घेऊन थेट देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते. आज हा सीन करून दाखवा कुणी! आई बघत होती शेजारी बसून, ती म्हणाली, "अगदी आमच्या आत्यासारखी आहे गं ही." भाचा म्हणाला, "मावशी, यात लढाई कधी येणार?"

लढाई येत नाही. आणि तरी त्या दोन तासांत सतराव्या शतकात माणसं कशी राहत असतील हे जेवढं कळतं तेवढं नंतरच्या दहा पिक्चरमध्ये नाही. लोक खातात काय, उधारी कशी मागतात, नवराबायको भांडताना कुठे बसतात, म्हैस कुठे बांधलेली असते. आताच्या पिक्चरमध्ये रयत येते ती दोनदाच, सुरुवातीला गाव जाळलं जातं तेव्हा किंचाळायला आणि शेवटी घोषणा द्यायला. मधे कुणी शेतात नाही, बाजारात नाही, कुणी जात्यावर नाही. स्वराज्य ज्यांच्यासाठी चाललंय तेच गायब. बायका हातात आरतीचं तबक घेऊन उभ्या, त्यांच्या नऊवारीला एक सुरकुती नाही. मावळ्यांचे दंड बघा, जिममधले आहेत, नाचणीच्या भाकरीवर झालेले नाहीत.

खलनायकांचंही तसंच. 'मुघल-ए-आझम' 1960 चा, आपल्या मुंबईत मराठा मंदिरला लागलेला, त्यातला अकबर पोरावर चालून जातो पण तो माणूस आहे, बाप आहे, त्याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. आणि तिथेही शीशमहलचा सेट होता, खरे हत्तीघोडे, खरे सैनिक आणून केलेली लढाई होती, म्हणजे भव्यता काही कमी नव्हती. आता 2018 च्या 'पद्मावत'पासून पुढे शत्रू म्हणजे डोळ्यात सुरमा घालून मांस ओरबाडून खाणारा आणि उगाच हसणारा. अहो, औरंगजेब दख्खनमध्ये पंचवीसेक वर्षं छावणी टाकून बसला होता, म्हातारा होईपर्यंत, इथेच मेला. इतका चिवट शत्रू साधा वेडा कसा असेल? त्याला असा जोकर करून टाकला की त्याच्याशी इतकी वर्षं झुंजणाऱ्यांची किंमत पण आपणच कमी करतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही का.

मधे एक टप्पा सेटचाही होऊन गेला. नितीन देसाईंचा कर्जतचा स्टुडिओ, म्हणजे आपल्या ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की गेलोच. 'जोधा अकबर'मधला आग्र्याचा किल्ला तिथे उभा होता, आणि 2008 ची 'राजा शिवछत्रपती' सिरियल पण त्यांचीच. मला तो टप्पा सगळ्यात जवळचा वाटतो खरं सांगायचं तर, कारण तिथे निदान सुतार होते, रंगारी होते, प्लास्टरचा का असेना पण खांब होता ज्याला नट टेकून उभा राहू शकतो. हिरव्या पडद्यासमोर टेकणार कशाला?

आता थिएटरमधलं. 1930 ला शांतारामांनी 'स्वराज्याचे तोरण' बनवला, स्वतःच शिवाजी झाले, इंग्रजांच्या सेन्सॉरला त्या नावातला 'स्वराज्य' शब्दच खुपला आणि पिक्चर शेवटी 'उदयकाल' नावाने आला. तेव्हा भीती सरकारची. आता भीती प्रेक्षकांची. 2022 च्या नोव्हेंबरात आपल्या ठाण्यातच एका मॉलमध्ये 'हर हर महादेव'चा शो बंद पाडला, प्रेक्षकाला मारहाण, पोलीस, सगळं टीव्हीवर दिसलं. 2025 च्या 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजीमहाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ झाला आणि तो भाग रिलीजआधीच काढला. त्यामुळे पिक्चर सुरू व्हायच्या आधी डिस्क्लेमरच एवढा मोठा असतो की पॉपकॉर्न अर्धं संपतं. बरं, या भीतीने होतं काय तर लिहिणारा सगळ्यात सेफ गोष्ट लिहितो, आणि सेफ म्हणजे लढाई. लढाईत महाराज चुकत नाहीत, हसत नाहीत, थकत नाहीत, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. लेझीम काढा, पेच काढा, घरातलं बोलणं काढा, मग तलवारच उरते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. दिग्पाल लांजेकरांच्या पिक्चरमुळे माझ्या भाच्याला कोंडाजी फर्जंद माहितीय, साठ माणसं घेऊन पन्हाळा कसा घेतला ते तो हातवारे करून सांगतो. मला त्याच्या वयात कोंडाजी कोण ते माहीत नव्हतं, आम्ही बाजी, तानाजी, मुरारबाजी एवढ्यावरच. 'पावनखिंड' संपल्यावर थिएटरमध्ये कुणीतरी उठून गारद दिली आणि सगळं हॉल उभं राहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, उगाच कशाला नाही म्हणू. पण लाइट लागल्यावर बाहेर पडताना मला एकाही मावळ्याच्या घरचं काहीही आठवत नव्हतं.

बरं, गोष्टी काय संपल्यात का? आपल्याच ठाणे जिल्ह्यात बघा. माहुली. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, समोर दिसतोच. 1636 ला शहाजीराजे तिथे वेढ्यात अडकले, एकीकडून मुघलांचा खानजमान, दुसरीकडून आदिलशाहीचा रणदुल्लाखान, आणि जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा पण त्यांच्यासोबत गडावर होते असं सांगतात. शेवटी राजांना गड सोडून आदिलशाहीत जावं लागलं. म्हणजे हरल्याचा पिक्चर. पण वेढा म्हणजे काय असतं विचार करा, तलवार कमी आणि कोठार जास्त. धान्य किती उरलंय, टाक्यात पाणी किती, आज कुणाला किती वाढायचं, कुणाचं पोरगं तापलंय, खालून निरोप आलाय तो खरा की दगा, आणि वरून माहुलीचा पाऊस, ज्याने त्या डोंगरात पाऊस बघितलाय त्याला विचारा. स्वयंपाकघर हीच रणभूमी. आणि एक बारका पोरगा हे सगळं बघतोय.

भाच्याला सांगितलं, तर त्याने आधी विचारलं व्हिलन कोण. म्हटलं, दोन फौजा आणि पाऊस. थोडा विचार करून म्हणाला, "थ्रीडी असेल तर येतो."