बॉल पळत नाही म्हणे!

पुण्याचा मे. दुपारी आमच्या गोल्फ कोर्सच्या सातव्या ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरून) चालत गेलो, मागे पाहिलं तर बुटांचे ठसे तसेच! बर्मुडा गवत तहानलं की दबलेली पाती पटकन उभी राहत नाहीत, रंगही निळसर-करडा दिसतो. लगेच पाइप घेऊन हलका फवारा मारला, फक्त पाती गार होण्यापुरता. मुळांपर्यंतचं पाणी पहाटेच. माळीकाकांनी सुरी खुपसून माती दाखवली: वर ओल, दोन इंचांखाली भुगा. म्हणून कटिंगची उंचीही 3 वरून 4 मिलिमीटर केली.

तेवढ्यात एक मेंबर, "अहो, बॉल पळत नाही हल्ली!"

पळेल हो साहेब, आधी गवत तर जगू द्या! उद्या पहाटे साडेचारला पंप सुरू. तक्रारवाल्यांनी जरूर यावं, पाइप धरायला माणूस कमीच आहे.